जॉन कीट्सची पत्रं : कोणती आवृत्ती घ्यावी, कशी वाचावी

ऑनलाइन दुकानात जॉन कीट्स या इंग्रज कवीच्या पत्रांचं पुस्तक शोधायला गेलं की एकाच नावाखाली कितीतरी मुखपृष्ठं समोर येतात. काही हातात मावतील एवढी बारकी, काही जाडजूड, काहींवर तर संपादकाचं नावच नाही. पत्रं लिहिणारा एकच, मग आतला मजकूरही तोच असणार, तेव्हा स्वस्तातलं घेतलं तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे हा हिशेब साफ चुकतो. कीट्सची काही पत्रं त्याच्या हस्ताक्षरात उरली आहेत, काही मित्रांनी केलेल्या नकलांमधून आणि काही निष्काळजी नकलांमधून. कोणत्या संपादकाने कशावर विसंबून काय छापलं, काय गाळलं, यावर तुमच्या हातात कोणता कीट्स येणार हे ठरतं.

निकाल आधीच सांगायचा तर असा. एकच प्रत विकत घ्यायची असेल तर ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधली ‘सिलेक्टेड लेटर्स’ घ्या. ही रॉबर्ट गिटिंग्ज यांनी 1970 मध्ये केलेली निवड. तिला जॉन मी यांनी नवी प्रस्तावना आणि टिपा जोडल्या आणि 2002 मध्ये ती पुन्हा निघाली. कीट्सच्या मित्रांचे आवाजही ऐकायचे असतील तर ग्रँट स्कॉट यांनी संपादित केलेली हार्वर्डची आवृत्ती घ्या. तीही 2002 चीच. पैसे न घालता चाळून बघायचं असेल तर सिडनी कॉल्विन यांची 1891 ची आवृत्ती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत आहे, पण तिच्यात काय नाही हे माहीत करून घेऊनच तिच्याकडे जावं. आणि ज्याला लेख किंवा प्रबंध लिहायचाय त्याला हायडर रोलिन्स यांच्या 1958 च्या दोन खंडांवाचून गत्यंतर नाही. ते महाग पडतात, तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वापरावेत.

ही क्रमवारी का, हे समजायला आधी पत्राचा कागद कसा होता ते बघावं लागतं.

1840 च्या टपाल सुधारणेआधी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा घेणारा भरायचा. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. लिफाफा घातला तर तो दुसरा कागद धरला जाई आणि दर दुप्पट होई. म्हणून एकच मोठा ताव दुमडून त्याची चार पानं करायची, तीन भरून लिहायची, चौथ्यावर पत्त्यापुरती जागा कोरी ठेवायची, घडी घालून लाख लावायची. जागा संपली आणि बोलणं राहिलं, की कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा लिहायचं. मित्राच्या खिशाला दुसऱ्या कागदाचा भुर्दंड नको म्हणून हा खटाटोप. 3 मे 1818 रोजी जॉन हॅमिल्टन रेनॉल्ड्सला लिहिलेल्या पत्रात कीट्सने असंच आडवं लिहिलंय आणि त्यावर तिथेच विनोदही केलाय: अशा चौकटी-चौकटींच्या विणीवरून मन गवळणीकडे जातं, गवळणीवरून चित्रकार हॉगार्थकडे, हॉगार्थवरून शेक्सपिअरकडे, शेक्सपिअरवरून समीक्षक हॅझलिटकडे आणि परत शेक्सपिअरकडे. माणसाचं आयुष्य म्हणजे अनेक दालनांचा वाडा, ही त्याची गाजलेली कल्पना याच पत्रात येते. नुसतं दालनांचं अवतरण वाचणाऱ्याला ही चौकटींची गंमत कधीच भेटत नाही, आणि ती गंभीर कल्पना किती हलक्या हाताने, मित्राशी खेळता खेळता आली हेही कळत नाही.

लंडन शहरातल्या शहरात मात्र दोन पेनीचं स्थानिक टपाल होतं. फेब्रुवारी 1818 मध्ये रेनॉल्ड्सने रॉबिन हूडवर लिहिलेली दोन सुनीतं या टपालाने पाठवली. 3 फेब्रुवारीला कीट्स उत्तर देतो: बदामासारखी सोलून खायची ही तुझी बशीभर फळं पोचली, दोन पेनीत रोज एवढी टोपलीभर मिळाली तर काय बहार येईल! त्याच पत्रात वर्डस्वर्थवर टीका आहे, ज्या कवितेचा आपल्यावर काही डाव असतो ती कविता आपल्याला नकोशी होते हे प्रसिद्ध मत आहे, आणि शेवटी फळांची परतफेड म्हणून कीट्सने रॉबिन हूडवर केलेली स्वतःची कविता आहे. म्हणजे आज संग्रहात स्वतंत्र छापली जाणारी ती कविता मुळात पोचपावती आहे. आता हे ‘दोन पेनी’ म्हणजे टपालाचा दर, हे टिपेत सांगितलं नसेल तर वाचकाला तो फळांचा बाजारभाव वाटतो आणि अर्धी मजा जाते. आवृत्तीच्या टिपा कशा आहेत हे पारखायला हे एक पत्र पुरेसं आहे.

अमेरिकेला जाणाऱ्या पत्रांचा मामला वेगळा. जॉर्ज हा भाऊ आणि त्याची बायको जॉर्जियाना जून 1818 मध्ये इंग्लंड सोडून गेले आणि पुढे केंटकीतल्या लुइव्हिलला स्थायिक झाले. जहाज कधी सुटेल, कोण माणूस तिकडे जाणार आहे, याचा भरवसा नाही. म्हणून कीट्स रोजनिशीसारखं लिहीत राहायचा आणि संधी मिळाली की गठ्ठा पाठवायचा. या रोजनिशी-पत्रांमध्ये सर्वांत मोठं आहे 14 फेब्रुवारी ते 3 मे 1819 चं. इंग्रजी साहित्यात याच्या तोडीचं खासगी पत्र दुसरं नाही, असं माझं मत आहे आणि ते बदलायचं कारण अजून सापडलेलं नाही.

त्यात काय काय आहे ते जरा जवळून पाहू. 12 मार्चला कीट्स आपण कसे बसलोय ते सांगतो: शेकोटी विझत आलीय, पाठ तिच्याकडे, एक पाय सतरंजीवर थोडा तिरपा, दुसऱ्याची टाच जरा उचललेली. आणि लगेच पुढे, शेक्सपिअर ‘जगावं की मरावं’ लिहायला बसला तेव्हा तो कसा बसला होता हे कळलं असतं तर किती आनंद झाला असता! 19 मार्चला कळतं की आदल्या दिवशी पहिल्यांदाच क्रिकेटची बॅट हातात घेतली आणि डोळ्यावर चेंडू बसून डोळा काळानिळा झाला. मित्र ब्राउनने पापणीला जळू लावली, त्यामुळे सूज आली नाही. त्याच दिवशी सकाळी अंगात शिरलेल्या सुस्तीचं वर्णन येतं, जिथे कविता, महत्त्वाकांक्षा आणि प्रेम हे तिघं समोरून जातात पण कोणाचंच काही वाटत नाही. पुढे याच मनःस्थितीवर एक ओड (गंभीर भावकाव्याचा प्रकार) लिहिली गेली. त्याच सुमारास वाळल्या गवतातून डोकावणारा शेतातला उंदीर आहे, ज्याच्या डोळ्यांत काहीतरी साधायचं म्हणून चमक आहे. एप्रिलमध्ये हायगेटजवळच्या गल्लीत कवी कोलरिज भेटतो. जेवून सुस्तावलेल्या नगरशेठाच्या चालीने त्याच्याबरोबर सुमारे दोन मैल चालताना तो कोकिळेसारख्या गाणाऱ्या नाइटिंगेलपासून स्वप्नांच्या प्रकारांपर्यंत, जलपऱ्यांपासून भुताच्या गोष्टीपर्यंत किती विषयांवर बोलला, त्याची लांबलचक यादी आहे.

आणि 21 एप्रिलच्या संध्याकाळी, कसलीही प्रस्तावना न करता, ‘ला बेल दाम साँ मेर्सी’ ही कविता. तिच्यातला सरदार परीच्या डोळ्यांवर चार चुंबनं घेतो. ती संपते न संपते तोच कीट्स तिच्यावर स्वतःच टिप्पणी करतो. चारच चुंबनं का, म्हणाल तर माझ्या काव्यदेवतेची घाई आवरायची होती. यमकाला धक्का न लावता ती वीसही म्हणाली असती. संख्या सम हवी होती, दोन्ही डोळ्यांना सारखा न्याय मिळायला. प्रत्येकी दोन पुरे. सात म्हटलं असतं तर प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला साडेतीन आली असती, मोठीच अडचण!

हीच कविता 10 मे 1820 रोजी कीट्सचा कवी-संपादक मित्र ली हंट याच्या ‘इंडिकेटर’ साप्ताहिकात छापली गेली तेव्हा पहिल्या ओळीतला शस्त्रधारी सरदार जाऊन तिथे एक दीनवाणा माणूस आला आणि ती चार चुंबनंही गेली. आज बहुतेक जणांना आवडतो तो पाठ पत्रातलाच. म्हणून पत्रांच्या आवृत्तीत कविता पत्राच्या आत, जागच्या जागी, पत्रातल्याच शब्दांत छापलेली असणं हा शोभेचा प्रश्न नाही. ‘येथे अमुक कविता आहे’ असं कंसात लिहून कविता गाळली, की तिच्या खालचा विनोद लोंबकळत राहतो. याच पत्रात थोडं पुढे जग म्हणजे आत्मा घडवण्याची दरी हा विचार येतो आणि एप्रिल संपता संपता ‘ओड टू सायकी’ येते. ही एकच कविता आपण सावकाश, कष्ट घेऊन लिहिली, बाकीच्या घाईत उरकल्या, असं कीट्स तिथे सांगतो. सगळं एकाच गठ्ठ्यात. यातला एक कागद पाठवायचा राहूनच गेला होता. काही महिन्यांनी जुने कागद चाळताना तो सापडला, तेव्हा कीट्सने खाली मजकूर जोडला: माझं पत्र तुम्हाला तुटक वाटलं असेल, पण मी कागदांना आकडे घालतो, त्यावरून चूक तुमच्या लक्षात आली असेलच. चांगला संपादक अशा जागी कागद मुळात कुठला आणि मजकूर कधीचा हे स्पष्ट सांगतो. तारखेची फिकीर न करणारी आवृत्ती इथे वाचकाला गोंधळात टाकते.

आता नकलांचा प्रश्न. जॉर्ज 1841 मध्ये वारला. जॉर्जियानाने पुढे जॉन जेफ्रीशी लग्न केलं. मिल्न्स कीट्सचं चरित्र तयार करत होते (ते 1848 मध्ये निघालं) तेव्हा त्यांच्यासाठी जेफ्रीने घरातल्या पत्रांच्या नकला केल्या. त्या त्याने मनाला येईल तशा केल्या: कुठे वाक्यं गाळली, कुठे शब्द बदलले, जे लागलं नाही ते सोडून दिलं. ज्या पत्रांची मूळ प्रत पुढे सापडली तिथे हे नुकसान भरून काढता आलं. पण काहींची मूळ प्रत गेली ती गेलीच. त्यातलं एक डिसेंबर 1817 चं, भाऊ जॉर्ज आणि टॉम यांना लिहिलेलं, ज्यात ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’ (उत्तरामागे घाईने न धावता अनिश्चिततेत, शंकेत राहू शकण्याची क्षमता) हे दोन शब्द येतात. इंग्रजी समीक्षेत गेली शंभर वर्षं ज्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली ते शब्द आपल्याकडे फक्त जेफ्रीच्या हस्ताक्षरातून आले आहेत. ख्रिसमसचा पँटोमाइम बघून ब्राउन आणि डिल्क या मित्रांबरोबर परतताना डिल्कशी झालेल्या गप्पांमधून मनात काही गोष्टी एकमेकींत सांधल्या गेल्या, असं तिथे कीट्स म्हणतो. रोलिन्स यांनी या पत्राची तारीख 21 आणि 27 डिसेंबर अशी दिली आणि 27 पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे संपादकाचा प्रामाणिकपणा. पुस्तक ऑनलाइन घेताना नमुना पानं उघडता आली तर आधी हेच पत्र काढून बघावं. ठाम एकच तारीख आणि नकलेचा कुठे उल्लेख नाही, असं दिसलं तर ते पुस्तक बाजूला ठेवावं.

सगळेच नक्कलकार जेफ्रीसारखे नव्हते. रिचर्ड वुडहाऊस हा टेलर आणि हेसी या प्रकाशकांचा कायदेविषयक सल्लागार. कीट्स हयात असतानाच त्याने ओळखलं होतं की या तरुणाचा कागद न् कागद जपला पाहिजे. रेनॉल्ड्सला लिहिलेल्या बऱ्याच पत्रांच्या मूळ प्रती आज नाहीत. ती उरली ती वुडहाऊसने करवून घेतलेल्या नकलांमुळे. कवीला स्वतःचा असा रंग नसतो, शेक्सपिअरचा खलनायक इयागो रंगवताना त्याला जेवढा आनंद तेवढाच सद्गुणी इमोजेन रंगवताना, हे सरड्याच्या रंगाचं पत्र 27 ऑक्टोबर 1818 रोजी याच वुडहाऊसला लिहिलेलं. रोममधून 30 नोव्हेंबर 1820 रोजी ब्राउनला लिहिलेलं अखेरचं पत्र तर ब्राउनने आपल्या लेखनात उतरवून घेतलं म्हणूनच आपल्यापर्यंत आलं.

ऑक्सफर्डची प्रत मला पहिल्या क्रमांकावर वाटते ती यासाठी की तिच्यात कीट्सचं लेखन फारसं न सावरता येतं. त्याचे डॅश, मनाला येईल तिथे घातलेली मोठी अक्षरं, चुकलेली स्पेलिंगं, अर्धवट सोडलेली वाक्यं हे सगळं जागेवर राहतं. पहिली वीसेक पानं त्यामुळे अडखळायला होतं, विशेषतः ज्यांचं इंग्रजी वाचन शाळा-कॉलेजच्या नेटक्या गद्यावर झालंय त्यांना. अडखळलं की तो उतारा मोठ्याने वाचावा. डॅश म्हणजे श्वास घ्यायची जागा हे कानाला चटकन कळतं आणि मग वेग येतो. या निवडीत प्रेयसी फॅनी ब्रॉनला लिहिलेली पत्रं आहेत, रोजनिशी-पत्रं आहेत, स्कॉटलंडच्या पायी प्रवासातली पत्रं आहेत. उणीव दोन गोष्टींची. टिपा पुस्तकाच्या शेवटी असल्याने दोन खुणा ठेवाव्या लागतात, एक मजकुरात, एक टिपांमध्ये. आणि कीट्सला आलेली पत्रं यात नाहीत, त्यामुळे संवाद एकतर्फी ऐकू येतो. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पत्रव्यवहाराच्या दोन्ही बाजू छापून आलेल्या वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही उणीव जास्त जाणवेल. तशीही कीट्सला आलेली पत्रं फारच थोडी उरली आहेत. फॅनीची तर नाहीतच. रोममध्ये आलेली तिची काही पत्रं त्याने उघडलीही नाहीत, ती त्याच्याबरोबर पुरली गेली.

स्कॉट यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. त्यांच्या आवृत्तीत वुडहाऊस, कवी शेली, रोममधले डॉक्टर जेम्स क्लार्क यांची पत्रं येतात आणि शेवटच्या आजारात उशाशी बसलेल्या चित्रकार मित्र जोसेफ सेव्हर्नची पत्रं येतात. कीट्सच्या हाताने लिहिणं 30 नोव्हेंबर 1820 ला थांबतं, तो गेला 23 फेब्रुवारी 1821 ला. मधल्या जवळजवळ तीन महिन्यांत काय झालं ते फक्त सेव्हर्न सांगतो. इतर निवडी जिथे संपतात तिथून पुढे ही आवृत्ती चालत राहते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. शेलीचा प्रसंगही इथे नीट उलगडतो. शेलीने जुलै 1820 मध्ये पिसाहून, आमच्याकडे इटलीत या, असं आपुलकीचं आमंत्रण धाडलं. 16 ऑगस्टला कीट्सने आभार मानले आणि त्याच पत्रात त्याला सल्ला दिला: तुमचा उदारपणा जरा आवरा, अधिक कलावंत व्हा, विषयाची प्रत्येक भेग सोन्याने भरा. ही सोन्याने भरलेली भेग सोळाव्या शतकातल्या स्पेन्सर या कवीची आहे, म्हणून कीट्सने ते शब्द अवतरणचिन्हात ठेवलेत. आजारी, पैशाने खंगलेला, वयाने लहान असलेला कवी आमंत्रण देणाऱ्यालाच असं सांगतो, आणि त्यात कुठेही उद्धटपणा नाही. हे पत्र नुसतं सुभाषित म्हणून वाचलं तर आगाऊ वाटतं. शेलीच्या पत्रामागोमाग वाचलं की बरोबरीच्या नात्यातलं वाटतं.

मग स्कॉट पहिल्या क्रमांकावर का नाही? कारण त्यांनी वाचनाच्या सोयीसाठी स्पेलिंग आणि विरामचिन्हं बरीचशी आधुनिक केली आहेत आणि टिपा कमी केल्या आहेत. इंग्रजी वाचायचा फार सराव नसेल तर ही सोय खरीच मोठी आहे आणि अशा वाचकाने बिनदिक्कत स्कॉट घ्यावी. पण डॅशच्या जागी पूर्णविराम आला की विचार पूर्ण झाल्यासारखा दिसतो, आणि कीट्सच्या पत्रात तो बहुतेक वेळा पूर्ण झालेला नसतो. तो पुढच्या वाक्यात वळण घेणार असतो. माझ्या लेखी हा तोटा मोठा आहे.

कॉल्विनबद्दल थोडक्यात. माणूस अभ्यासू होता, पण फॅनीला लिहिलेली पत्रं छापणं त्याला प्रशस्त वाटलं नाही, म्हणून त्याने ती ठरवून वगळली. ती पत्रं हॅरी बक्स्टन फॉर्मनने 1878 मध्येच छापली होती आणि त्यावरून गदारोळ झाला होता, ही त्यामागची पार्श्वभूमी. तेव्हा गुटेनबर्गवरची प्रत वाचून ‘कीट्सची सगळी पत्रं वाचली’ असं समजू नये. अडचण अशी की प्रताधिकार संपलेले असे जुने पाठच नवं मुखपृष्ठ घालून, ‘संपूर्ण पत्रं’ म्हणून, मागणीनुसार छापून विकले जातात. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: संपादकाचं नाव नाही, अनुक्रमणिकेत पत्र कोणाला आणि कधी लिहिलं ते नाही, स्कॅनिंगमध्ये अक्षरं बिघडलेली, कवितेच्या ओळी गद्यासारख्या सलग धावणाऱ्या. अशा छापील प्रतीला पैसे देण्यापेक्षा गुटेनबर्गची मोफत प्रत कैक पटीने बरी. ई-बुक घेणार असाल तर टिपेच्या खुणेवर बोट ठेवलं की टीप उघडते का, हे नमुन्यात तपासा. शेवटच्या टिपांपर्यंत दर वेळी पानं सरकवत जावं लागलं तर आठवडाभरात टिपा वाचणं सुटतं.

वाचायची सुरुवात पहिल्या पानापासून करायची गरज नाही. 1816 ची पत्रं छोटी आहेत आणि त्यात ली हंटच्या शैलीची छाप जास्त. 22 नोव्हेंबर 1817 चं बेंजामिन बेली या मित्राला लिहिलेलं पत्र हे उत्तम दार आहे. हृदयाच्या मायेचं पावित्र्य आणि कल्पनाशक्तीचं सत्य यांपलीकडे मला कशाचीच खात्री नाही, हे वाक्य याच पत्रातलं. खिडकीशी चिमणी आली की तिच्या जगण्यात शिरून आपणही खडीत दाणे टिपतो, तेही यातलंच. पण पत्र सुरू होतं ते भांडणाने. क्रिप्स नावाच्या तरुण चित्रकाराला हेडन या नावाजलेल्या चित्रकाराने शिकवावं म्हणून कीट्स आणि बेली खटपट करत होते. त्यावरून हेडनने बेलीला बोचरं पत्र लिहिलं. कीट्स बेलीची समजूत घालतोय: असा घाव तुझ्यासारख्याला किती लागला असेल ते कळतं, पण माणूस ओळखून असलं की त्याच्या दोषांनी नातं तुटत नाही. मायेच्या पावित्र्याचं ते वाक्य या समजुतीतून उगवतं. काव्यशास्त्राचं सूत्र म्हणून त्याला वेगळं काढलं की मुळं तुटतात.

पुढच्या दोन महिन्यांची पत्रं सलग वाचावीत, कारण भांडणं वाढतच जातात. हंटची बायको हेडनकडून चांदीची भांडी उसनी नेत असे. एकदा ठरल्या वेळी परत आली नाहीत, हेडनने माणूस पाठवला, हंट जाब विचारायला गेला, शब्दाला शब्द लागला. रेनॉल्ड्स हेडनच्या जेवणाला न सांगता गैरहजर राहिला, त्यावरून आणखी एक तणतण. कीट्स या सगळ्यांचा मित्र. 23 जानेवारी 1818 ला तो बेलीला लिहितो की माणसांनी एकमेकांना सोसलं पाहिजे. दुबळ्या बाजूने वार केला तर ज्याचे तुकडे होणार नाहीत असा कोणी जन्मलेला नाही. तेव्हा त्याचं वय बावीस होतं. आणि हाच बेली पुढे वर्षभराने, रेनॉल्ड्सच्या बहिणीला आशा लावून दुसरीकडेच लग्न ठरवतो, तेव्हा 1819 च्या रोजनिशी-पत्रात कीट्सचा त्याच्याविषयीचा सूर बदललेला दिसतो. निवड करताना संपादकाने अशी घरगुती पत्रं ‘साहित्यिक महत्त्वाची नाहीत’ म्हणून गाळली तर मैत्रीचा हा चढउतार दिसणार कसा? ऑक्सफर्डच्या निवडीत तो दिसतो.

बेलीनंतर रेनॉल्ड्सला लिहिलेली पत्रं, मग वुडहाऊसला लिहिलेलं सरड्याचं पत्र, मग टॉमच्या मृत्यूनंतरचं डिसेंबर 1818 चं रोजनिशी-पत्र. या पत्रात कीट्स जॉर्ज-जॉर्जियानाला सुचवतो की दर रविवारी दहा वाजता मी शेक्सपिअरचा एक उतारा वाचीन, तुम्हीही त्याच वेळी एक वाचा. एका खोलीत बसलेल्या आंधळ्या माणसांइतके तरी आपण जवळ येऊ. त्यानंतर 1819 चं मोठं पत्र, पण एका बैठकीत नको. तारखांप्रमाणे चार भाग पाडावेत: फेब्रुवारी, मार्च, 21 एप्रिलपर्यंत, आणि उरलेलं. सोबत कवितांचा कालानुक्रमे लावलेला संग्रह उघडा असावा. 21 सप्टेंबर 1819 चं विंचेस्टरहून रेनॉल्ड्सला लिहिलेलं पत्र ‘टू ऑटम’च्या शेजारी ठेवून वाचलं की कापणी झालेल्या शेतातल्या खुंटांची ऊब आधी चालताना जाणवली आणि मग कवितेत आली, हे दोन पानांत समोर येतं.

फॅनीला लिहिलेली पत्रं मात्र सलग वाचू नयेत. त्यातल्या 1820 च्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर तारीखच नाही. शेजारच्या घरात धाडायच्या चिठ्ठीवर तारीख कोण घालतो? त्यांचा क्रम संपादकांनी अंदाजाने लावलाय, आवृत्तीगणिक थोडा फरक पडू शकतो. त्या एकापाठोपाठ वाचल्या की संशय आणि तगमग एवढंच उरतं आणि वाचक फॅनीवर चिडतो. बहीण फॅनी कीट्सला आणि ब्राउनला लिहिलेली त्याच आठवड्यांची पत्रं मध्ये मध्ये घेतली की त्याच तापातला माणूस बहिणीशी किती सांभाळून बोलतोय तेही दिसतं. सगळी पत्रं कालक्रमाने, व्यक्तीनुसार कप्पे न करता छापलेली असली तर हे आपोआप साधतं.

हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयाने आपल्याकडच्या कीट्सच्या हस्तलिखितांची छायाचित्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. 1819 चं मोठं पत्रही तिथेच आहे. पुस्तकातलं 21 एप्रिलचं पान उघडून शेजारी पडद्यावर मूळ पान लावावं आणि कवितेतली खाडाखोड छापील पाठाशी ताडून पाहावी. आडवं लिहिलेलं पत्र वाचायचं असेल तर प्रतिमा मोठी करून आधी एका दिशेच्या सगळ्या ओळी संपवाव्यात, मग प्रतिमा नव्वद अंशांत फिरवून दुसऱ्या दिशेच्या. दोन्ही दिशा एकदम वाचायला गेलं तर डोळे दमतात आणि हाती काही लागत नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयासाठी यादी करणाऱ्यांनी ऑक्सफर्डच्या दोन प्रती आणि स्कॉटची एक मागवावी. पैसे उरले तर रोलिन्सचे खंड घ्यावेत आणि ते संदर्भ विभागात ठेवावेत, घरी द्यायला नकोत.